काटा नाही, वास नाही

"माणूस जेवायला घरी निघालाय की फाशीला, तेच कळत नाही इथे," रणजित गौतमीच्या मानेशी पुटपुटला.

"हलू नकोस. परत पहिल्यापासून सुरू करेल ते."

उंबऱ्यात तिघं उभे राहिले की असंच व्हायचं. काचघराच्या तोंडाशी असलेली ती काचेची खोली, जिला सगळे उंबरा म्हणायचे, खरं तर दोन माणसांची. पण अण्णांना, म्हणजे गौतमीच्या सासऱ्यांना, तिथे एकटं सोडायचं नाही हे घरात कुणीही न बोलता ठरून गेलं होतं, आणि रणजितला आपली पाळी येईपर्यंत थांबायचा कंटाळा. मग सासरा, मुलगा आणि सून रोज दुपारी एकमेकांची कोपरं सांभाळत तिथे उभे राहायचे आणि चहूकडून वारा सुटायचा. केस, कपडे, भुवया, सगळं झाडून निघायचं. ती हवा भिंतीतलं यंत्र ओढून घ्यायचं, तिच्यातला एकेक परागकण प्रकाशाखाली फिरवून बघायचं, आणि सगळे ओळखीचे निघाले की हिरवा दिवा लावून बाहेरचं दार उघडायचं. काचघरातून घरी जायला दुसरी वाट नव्हती.

आज दिवा लाल लागला.

"अनोळखी पराग आढळला आहे," यंत्र म्हणालं. त्याला कुणीतरी एका गोड बाईचा आवाज दिला होता. पाहुण्यांना अजून थोडी खीर वाढू का विचारावं तशी ती वाईट बातमी द्यायची. "कृपया आत परत जा. झाडाचा उलगडा होईपर्यंत बाहेरचं दार बंद राहील."

"काय झालं?" अण्णांनी विचारलं. तो लाल उजेड त्यांच्या पांढऱ्या मिशांवर पडला होता.

"लाल दिवा लागलाय, अण्णा," गौतमी म्हणाली. पुढे खड्डा आहे असं बरोबरच्याला सांगावं, इतक्या सहज. तिला आता सवय झाली होती.

*

महाबळेश्वरच्या बाजारात कागदी पिशवीतली पिवळी फळं गूजबेरी म्हणून विकतात ती गूजबेरी नव्हेच. ती टोमॅटो-वांग्याच्या घराण्यातली. खरी गूजबेरी आणि तिची बहीण करंट ही थंड मुलखातली झुडपं. सह्याद्रीत त्यांचं काही काम नव्हतं. ती इथे आली तांबेऱ्यामुळे.

हा गव्हावरचा तांबेरा नव्हे. ही बुरशी अर्धं आयुष्य पाइनच्या झाडावर काढते आणि अर्धं करंट-गूजबेरीच्या पानांवर. दोन्ही घरं लागतात तिला. हिमालयात तिची एक नवी जात पसरली, पाइनची रानंच्या रानं उभ्या उभ्या वाळली, तेव्हा सरकारने ठरवलं की तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या करंट आणि गूजबेरी तयार करायच्या, पण त्या पाइनपासून लांब, काचेच्या आत. पारखून घेतलेली रोपं मग हिमालयात परत. महाबळेश्वरच्या मागच्या अंगाला हवा थंड आणि पाइन नाहीत. बावळेकरांनी, म्हणजे अण्णांच्या घराने, आपल्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर असं एक काचघर बांधलं.

काचघरात मधमाशी नाही. म्हणजे तिचं काम माणसाने करायचं. कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग बारीक कुंचल्याने टेकवायचा, वर बटर पेपरची पिशवी, देठाला रंगीत दोरा. अण्णा त्यातले उस्ताद. आसपासची काचघरं आपली माणसं त्यांच्याकडे शिकायला पाठवायची, आणि अण्णा त्यांना पहिला धडा द्यायचे तो चिमटा धरायचा नव्हे, श्वास धरायचा. "फुलावर फुंकर मारलीस तर कामाला नाही, वाढदिवसाला जा," असं म्हणायचे.

गौतमी कॉमर्सची. लग्न होऊन इथे आली आणि उंबऱ्याच्या पडद्यावर परागकण बघता बघता तिला त्यांचं वेड लागलं. स्वयंपाक झाला की ती पडद्यासमोर बसायची, लोक मालिका बघतात तशी. तांबड्या करंटचा कण म्हणजे चेंडू, अंगभर गोल भोकं पाडलेला. गूजबेरीच्या कणाला उभ्या चिरा असतात, आणि प्रत्येक चिरेच्या आत दोन बारीक छिद्रं, शर्टाच्या बटणाला असतात तशी. कणाची भिंत इतकी चिवट की तळ्याच्या गाळात हजारो वर्षांनीही ती जशीच्या तशी सापडते. करंट आणि गूजबेरी हे एकच घर की वाटणी झालेली दोन, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी भांडत. काहींनी काट्यावरून निकाल लावला: गूजबेरीला काटे, करंटला नाहीत. यंत्राला काट्याशी कर्तव्य नव्हतं. ते भिंत बघायचं.

आज पडद्यावर आलेल्या कणाला भोकंही होती आणि चिराही. आजूबाजूचे बरेच कण मनुकेसारखे चुरमडलेले. गौतमीने कण मोठा करून पुन्हा बघितला.

तांबडी करंट आणि गूजबेरी यांचा संकर. कुणी न मागितलेला, कुठे न नोंदवलेला, आणि आपल्या काचघरात फुललेला.

*

रोप सापडायला वेळ लागला नाही. तांबड्या करंटच्या रांगेत यंदा पहिल्यांदा फुललेली रोपं होती, त्यांतलंच एक. करंटची फुलं घोसाने लोंबतात. या रोपाला घोस धरायचा होता, पण दोन-तीन फुलांवरच त्याचा धीर सुटला होता.

साताऱ्याच्या तपासणी कार्यालयातून डोईफोडे मॅडम पडद्यावर आल्या. तरुण बाई, नाक सर्दीने लाल झालेलं, बोलणं सरळ.

"जेवणं व्हायची असतील तुमची. सॉरी."

"रोप मिळालंय," रणजित म्हणाला. "आता दार उघडा."

"रोप मिळालं, पण ते आलं कसं ते नाही मिळालं. कुणाचा पराग कुणावर, कधी, कुणाच्या हातून. त्याच संकराची बाकीची रोपं कुठे गेली हे मला कळायला हवं. परागाला कोण भितंय? तपासणी न झालेल्या झाडावर तांबेरा बसलेला असतो, भीती त्याची. माझी माणसं फवारणीचं घेऊन दाराबाहेर येऊन थांबतील. पण माहिती मिळाल्याशिवाय त्यांना दार उघडता येत नाही."

"आणि ज्याच्या हातून झालं त्याचं काय?"

"मुद्दाम केलेलं नसेल तर शिक्षा नाही. फक्त त्याला दुसऱ्या कुठल्याही काचघरात किंवा केंद्रात हे काम करता येणार नाही. आपल्याच काचघरात, परवानाधारकाच्या नजरेखाली, करता येईल." त्यांनी समोरचा कागद उलटला. "परवानाधारकाकडूनच झालं असेल तर परवाना जाईल. पण ज्याचं त्याने सांगायचं, किंवा ज्याने बघितलं त्याने. तुम्ही आपापसात बोला. मी आवाज बंद करते माझ्याकडचा."

अण्णा रांगेच्या टोकाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी घसा खाकरला.

परवाना त्यांच्या नावावर होता.

आणि अण्णांना दिसत नव्हतं.

हे वाक्य त्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. नजरेच्या मधोमध एक धूसर डाग आला आणि पसरत गेला. कडेकडेचं दिसायचं, समोर धरलेलं नाही. एकदा पुण्याला डॉक्टरकडे जाऊन आले. आल्यावर "वयाचं आहे" म्हणाले आणि चपला जागेवर ठेवल्या. तेव्हापासून रणजित त्यांच्यासाठी काळ्या करंटचा रस पेलाभर भरून ठेवायला लागला. डोळ्यांना चांगला म्हणतात. कशासाठी ठेवलाय हे त्याने सांगितलं नाही, अण्णांनी विचारलं नाही, पेला रिकामा व्हायचा. गौतमी अण्णांच्या मागोमाग रांगेतून फिरायला लागली आणि त्यांनी हाताळलेलं प्रत्येक फूल पुन्हा स्वतः करायला लागली. दरवर्षी परवान्याची परीक्षा असायची, सूक्ष्मदर्शकाखालचा कण बघून नाव सांगायचं. गौतमी शेजारी उभी राहून खोकायची. एकदा म्हणजे करंट, दोनदा म्हणजे गूजबेरी. परीक्षक म्हणाले होते, "सूनबाईंना इथली हवा मानवत नाही वाटतं."

ते एका परीने खरं होतं.

गौतमीची हिमालयातल्या लाहौलच्या परागकेंद्रात निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिकडे करंट आणि गूजबेरी दगडांच्या फटीतून, उघड्या आभाळाखाली वाढतात, हे तिने फक्त चित्रात पाहिलं होतं. घरात सांगितलं तेव्हा रणजित म्हणाला, "बघू." अण्णा म्हणाले, "भात आज मऊ झालाय." त्यानंतर विषय निघाला नाही. ती गेली तर मागून फिरणारं कुणी उरणार नव्हतं. रणजितला परागाची ॲलर्जी, नाकावरची पट्टी जरा सरकली की तो शिंकांनी वाकून जायचा. अण्णांचा परवाना गेला तर काचघर बंद, नाहीतर परवाना गौतमीने घ्यायचा. आणि परवाना घेणाऱ्याला काचघर सोडून जाता येत नाही.

*

कोपऱ्यात किटली होती. रणजितने चहा केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"कधी झालं असेल गं हे?" त्याने हळूच विचारलं.

"माझे बाबा गेले तेव्हा. मी वाईला होते त्या आठवड्यात."

"कशावरून?"

"त्या वर्षीची रोपं आहेत ही. आणि त्याच वर्षी ती नवी गूजबेरी आली होती आपल्याकडे. बिनकाट्याची."

रणजितला उमगलं नाही, तेव्हा तिने सांगितलं. अण्णांनी स्वतःपुरती एक पद्धत बसवली होती. सांगितली कुणाला नव्हती. गौतमीने ती त्यांच्या बोटांवरून ओळखली होती. आधी खोडावरून बोट फिरवायचं. काटा लागला तर गूजबेरी. नाही लागला तर पान चुरगळून नाकाशी धरायचं. उग्र वास आला तर काळी करंट. काटा नाही, वास नाही, म्हणजे तांबडी. कुंड्या जागच्या हलल्या तरी अण्णा चुकत नसत. चुकण्यासारखं तिथे काही नव्हतंच, ती बिनकाट्याची येईपर्यंत. तिला काटा नव्हता आणि गूजबेरीच्या पानाला वास नसतोच.

"म्हणजे तिला तांबडी समजून..."

"तिचा पराग त्यांनी खऱ्या तांबडीवर घातला. दोन तांबड्यांचा संकर म्हणून दोरा बांधला. मी आल्यावर दोरा बघितला, बरोबर वाटला. फळ धरलं होतं तोवर."

रणजितने चहाचा घोट घेतला.

"बघ ना," तो म्हणाला. "इतकी वर्षं काही नाही. तू एक आठवडा नव्हतीस, तर हे असं."

तो हे कौतुकाने म्हणत होता. गौतमीला त्याचंच वाईट वाटलं.

"तू तुझं नाव सांगून टाक ना," तो म्हणाला.

"माझं?"

"शिक्षा नाही म्हणतायत. इथे काम चालूच राहील तुझं, अण्णांच्या नजरेखाली." तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाच कसंसं झालं. "म्हणजे, आहे तसंच. अण्णांचा परवाना गेला ना गौतमी, तर ते अंथरूण धरतील. तुला माहितीये. सकाळी उठून जायला जागा नसली तर ते काय करतील?"

"आणि लाहौल?"

रणजितने कप विसळायला घेतला. तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "तसंही तू जाणार नव्हतीसच."

रागाने म्हणाला असता तर तिला भांडता आलं असतं. तो अगदी समजुतीने म्हणाला, जणू ही गोष्ट तिने स्वतःच कधीतरी ठरवली होती आणि तो फक्त आठवण करून देत होता. तिला वाटलं, खरंच आपण ठरवली होती की काय.

"मी वाईला होते," ती म्हणाली. "उंबऱ्याला माहितीये मी त्या आठवड्यात आत आले नाही ते."

"मग दुसरा आठवडा सांग."

"मग ते दुसऱ्या आठवड्याची रोपं शोधतील. खऱ्या आठवड्याची कुठे गेली माहितीये तुला? लाहौलला. या उन्हाळ्यात उघड्यावर लावणार आहेत. पाइनच्या पायथ्याशी."

"सगळी थोडीच तशी असतील. एखाददुसरं रोप."

"एखाददुसरंच पुरतं रे तांबेऱ्याला."

रणजितने कप उपडा घातला. तो वाईट माणूस नव्हता. आपल्या वडिलांना घरी न्यायचं होतं त्याला, बस. दाराबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. काचेपलीकडे पांढऱ्या कपड्यातली माणसं फवारणीच्या टाक्या उतरवून ठेवत होती आणि आत बघणं टाळत होती, दवाखान्यात दुसऱ्याच्या पेशंटकडे बघणं टाळतात तसं.

*

"ते रोप आण इकडे," अण्णा म्हणाले.

गौतमीने कुंडी त्यांच्या मांडीशी धरली. अण्णांचं बोट खोडावरून वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. मग त्यांनी पान खुडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. हुंगत राहिले. त्यांचा चेहरा तिने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. कामाच्या वेळी ती नेहमी त्यांच्या मागे असायची.

"तांबडीच आहे की," ते मोठ्याने म्हणाले. "यंत्र बिघडलंय त्यांचं."

पडद्यावरचा आवाज सुरू झाला होता. "विलासराव," डोईफोडे मॅडम म्हणाल्या, "फुलं बघा ना जरा. घोस आहे का?"

अण्णांनी रोपाकडे तोंड केलं. फुलं त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती. त्यांनी मान थोडी तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "गौतमी, फूल कसं आहे गं?"

रणजित एक पाऊल पुढे आला.

"अण्णा चष्मा घरी विसरलेत," रणजित म्हणाला.

चष्मा अण्णांच्या नाकावर होता. मॅडमनी रुमाल काढून नाक पुसलं, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसलं, आणि टेबलावरचं काहीतरी सरळ करून ठेवलं. त्यांनाही कळलं होतं. त्याही बोलणार नव्हत्या.

अण्णांनी चाचपत गौतमीचं मनगट धरलं.

"तू मागून येतेस ते माहितीये मला," ते कुजबुजले. "पाऊल ओळखू येतं तुझं. मी म्हणायचो, येऊ दे बिचारीला. तिलाही बरं वाटतं." ते हसले, पण हसणं मिशीतच राहिलं. "त्या वेळी तू नव्हतीस ना गं. कुणी मागे नाही म्हणून मी दोनदा-दोनदा हात फिरवला. दोनदा. काटा नव्हताच."

"नव्हताच, अण्णा."

"आता आपण बिनकाट्याची ठेवायचीच नाही. काट्याची तेवढीच मागवू. मग काही प्रश्न यायचा नाही. हो ना?"

तिला वाटलं, हो म्हणावं. हो म्हणणं किती सोपं होतं. दार उघडेल, फवारा बसेल, ओल्या कपड्यांनी घरी जाऊन आमटी गरम करायची. उद्या परत त्यांच्या मागे. परवा परत. अण्णा पुढे फुलं करतील, ती मागून फुलं करेल, आणि कुणी विचारलं तर बावळेकरांची सून किती करते म्हणतील. तिला इथे कुणी कोंडलं नव्हतं. सगळे फक्त एकमेकांना जपत होते, इतके जपत होते की दाराकडे जायला जागाच उरली नव्हती. ती स्वतःही जपत होती. सगळ्यांत जास्त तीच.

"मला कुणीतरी सांगायला हवं," पडद्यावरून आवाज आला. "मी अंदाज लिहू शकत नाही."

"गौतमी सांगतेय," रणजित म्हणाला. "सांग गं."

ती उठून पडद्यासमोर गेली.

"मी गौतमी रणजित बावळेकर," ती म्हणाली.

"बोला."

तिने मान वळवली. मागे अण्णांनी कुंडी स्वतःच जमिनीवर ठेवायला घेतली होती. हात जमिनीचा अंदाज घेत खाली खाली जात होता आणि जमीन अजून लांब होती. रणजित धावला नाही. तो जागीच उभा राहून बघत होता, कारण धावणं म्हणजे कबूल करणं. कुंडी टेकली एकदाची. अण्णांनी हात झटकले, आणि सगळं ठीक असल्यासारखं तोंड करून बसले, पण तोंड पडद्याकडे नव्हतं. ती जिथे मघाशी होती तिथे, रिकाम्या जागेकडे होतं.

गौतमीने पडद्याकडे पाठ केली. परत येऊन ती अण्णांच्या स्टुलासमोर खाली बसली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बोटांच्या टोकांना परागाची पिवळी पूड लागली होती.

"अण्णा," ती म्हणाली. मागे पडद्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, पण बोलली त्यांच्याशीच. "तुम्हाला दिसत नाही."

रणजितने डोळे मिटले. अण्णांचे हात तिच्या हातात आधी ताठ झाले, मग हळूहळू जड झाले. ते काढून घेतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी काढून घेतले नाहीत.

"आणि मला जायचंय."